छोट्या व्यावसायिक विमानाचं फ्लाइट प्लॅनिंग: आखणी शेवटून सुरू करा

नवीन शिकणाऱ्याच्या हातात नकाशा दिला की तो पेन्सिल टेकवतो ती निघायच्या विमानतळावर. प्रवास तिथूनच सुरू होतो, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. पण छोट्या व्यावसायिक विमानाची आखणी तिथून सुरू केली, की तासभर खपून मांडलेला हिशोब शेवटच्या ओळीत कोसळतो. एवढ्या वजनाचं विमान पोहोचायच्या धावपट्टीवर उतरवताच येत नाही, हे तेव्हा कळतं. मग प्रवासी कमी करा, इंधन कमी करा, पुन्हा पहिल्यापासून आकडे मांडा, आणि तोवर प्रवासी दाराशी उभे असतात. म्हणून मी शिकवताना पेन्सिल आधी पोहोचायच्या ठिकाणी टेकवायला लावते.

छोटं व्यावसायिक विमान म्हणजे साधारण ९ ते १९ आसनांचं: सेसना ग्रँड कॅरॅव्हॅन, पिलाटस पीसी-१२, ट्विन ऑटर, किंग एअर यांच्यासारखं. मोठ्या विमान कंपनीत आखणीचा वेगळा विभाग असतो. इथे बऱ्याचदा वैमानिक स्वतः किंवा एकटा डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाण आखणारा) सगळं करतो. सॉफ्टवेअर वापरायला काहीच हरकत नाही, रोजच्या कामात मीही वापरते. तरी पहिल्या वीस-पंचवीस आखण्या हातानेच करा. इंधनाचा आकडा साधारण किती यायला हवा याचा अंदाज हाताने हिशोब केल्याशिवाय अंगात मुरत नाही, आणि तो मुरलेला नसेल तर पडद्यावरची चूक डोळ्यांना खटकत नाही.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेते. एका इंजिनाचं टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने प्रॉपेलर फिरवणारं) विमान, ९ प्रवासी, अंतर २४० नॉटिकल मैल. हवेतला खरा वेग १७० नॉट्स (म्हणजे तासाला १७० नॉटिकल मैल), तासाला १७० किलो इंधन. कमाल उड्डाण वजन ३,९७० किलो, आणि दोन वैमानिकांसह पण प्रवासी व इंधनाशिवाय वजन २,४५० किलो. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे तुमच्याच विमानाच्या फ्लाइट मॅन्युअलमधून घ्या. दोन विमानं एकाच मॉडेलची असली तरी त्यांचं रिकामं वजन सारखं नसतं.

आधी उतरायची जागा

पोहोचायच्या विमानतळाचे चार प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. धावपट्टी किती लांब आहे? आपण पोहोचू तेव्हा विमानतळ उघडा असेल का? तिथे आपलं इंधन मिळतं का? आणि त्या वेळी हवामान कसं असेल?

मॅन्युअलमधलं उतरण्याचं अंतर हे नव्या विमानाने, कसलेल्या वैमानिकाने, कोरड्या पक्क्या धावपट्टीवर गाठलेलं असतं. म्हणून त्यावर राखीव अंतर ठेवावं लागतं. टर्बोप्रॉप विमान उपलब्ध लांबीच्या ७० टक्क्यांत थांबलं पाहिजे, आणि धावपट्टी ओली असेल तर गरजेचं अंतर आणखी १५ टक्के वाढवायचं, अशी पद्धत अनेक देशांच्या नियमांत आहे. आपल्या उदाहरणातली धावपट्टी १,००० मीटरची आहे आणि पावसाची शक्यता आहे. १,०००चे ७० टक्के म्हणजे ७००, त्याला १.१५ने भागलं की सुमारे ६०९ मीटर. आता मॅन्युअलच्या तक्त्यात तिथली उंची आणि तापमान घालून उलटं वाचायचं: किती वजनाला ६०९ मीटर पुरतात? समजा उत्तर आलं ३,५०० किलो. हा आकडा कागदावर सगळ्यात वर लिहा आणि भोवती चौकट काढा. पुढचा सगळा हिशोब या चौकटीत बसवायचा आहे.

हवामानासाठी मेटार म्हणजे आत्ताची नोंद आणि टाफ म्हणजे पुढच्या काही तासांचा अंदाज. नवखे लोक मेटारवर समाधान मानतात, कारण तो खरा, मोजलेला असतो. पण तुम्ही पोहोचणार आहात दोन तासांनी, त्यामुळे निर्णय टाफवर घ्यायचा. पोहोचण्याच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंतची खिडकी धरा आणि तिच्यातला सगळ्यात वाईट अंदाज आपला माना. ‘टेम्पो’ या शब्दाने सुरू होणारी ओळ थोडा वेळ टिकणाऱ्या वाईट हवामानाची असते, आणि तुमचं विमान नेमकं त्याच थोड्या वेळात तिथे पोहोचू शकतं.

वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. वाऱ्याचा गट २४०१२ असा दिसला तर वारा २४० अंशांकडून १२ नॉट्सनी येतोय, पण हे २४० अंश खऱ्या उत्तरेपासून मोजलेले असतात. धावपट्टीचा क्रमांक आणि टॉवरने रेडिओवर सांगितलेला वारा मात्र चुंबकीय उत्तरेपासून. दुसरं म्हणजे ढगांची उंची. मेटार आणि टाफमध्ये ती विमानतळाच्या पातळीपासून दिलेली असते. विमानतळ १,५०० फुटांवर असेल आणि ढगांचा तळ १,२०० फूट लिहिला असेल, तर तुमच्या अल्टिमीटरवर (उंचीच्या काट्यावर) ढग २,७०० फुटांना लागतील.

जिथे पहिल्यांदाच जाताय तिथे फोन करून विचारायला लाजू नका. एल्रे जेपसेन हा अमेरिकन टपाल-वैमानिक १९३०च्या दशकात एका वहीत धावपट्ट्यांची लांबी, उतार, आसपासचे अडथळे टिपून ठेवायचा. इतर वैमानिक ती माहिती मागू लागले, तेव्हा १९३४पासून तो वहीच्या प्रती विकू लागला. आजचे सुबक चार्ट (वैमानिकांचे नकाशे) त्या वहीतून वाढले आहेत. धावपट्टीच्या शेवटी पाणी साचतं, संध्याकाळी पक्ष्यांचे थवे उतरतात, असल्या गोष्टी अजूनही तिथे राहणाऱ्या माणसालाच माहीत असतात.

मग पर्यायी विमानतळ निवडा. जवळचा म्हणून निवडू नका. मुख्य ठिकाणाला धुक्याने बंद केलं तर त्याच दरीतला, २० मैलांवरचा विमानतळही बहुधा बंद असेल. पर्याय हवामानाच्या दृष्टीने वेगळ्या जागी हवा आणि तिथे आपलं विमान त्याच वजनाने उतरू शकलं पाहिजे. आपल्या उदाहरणात तो ६० नॉटिकल मैलांवर आहे.

मार्ग आणि उंची

आता रेघ ओढा. अंतर मोजताना नकाशाच्या उभ्या कडेवरचं अक्षांशाचं माप वापरा. एक मिनिट अक्षांश म्हणजे एक नॉटिकल मैल, आणि नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर. रेखांशाच्या मापावर अंतर मोजू नका, ते ध्रुवांकडे जाताना आकसत जातं.

समजा रेघेची दिशा खऱ्या उत्तरेपासून ०७० अंश आली आणि त्या भागात चुंबकीय फरक २ अंश पश्चिम आहे. पूर्व असेल तर वजा, पश्चिम असेल तर अधिक. म्हणून चुंबकीय ट्रॅक ०७२. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ००० ते १७९ अंशांकडे जाणाऱ्यांनी विषम हजार फूट घ्यायचे, १८० ते ३५९कडे जाणाऱ्यांनी सम. नजरेने उडणाऱ्यांनी त्यात ५०० मिळवायचे. काही देशांत हा नियम वेगळा मांडलेला असतो, तेव्हा स्थानिक चार्ट बघा. आपण उपकरणांवर उडतोय, म्हणजे ७,०००, ९,००० किंवा ११,०००.

वाटेतला सगळ्यात उंच डोंगर ५,६०० फुटांचा आहे. सपाट प्रदेशात अडथळ्याच्या वर किमान १,००० फूट, डोंगराळ भागात २,००० फूट ठेवायचे, म्हणजे ७,६०० फूट. ७,००० बाद झाले. ११,००० फुटांवर इंधन थोडं वाचेल, पण आपल्या विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नाही, आणि १०,००० फुटांच्या वर ३० मिनिटांपेक्षा जास्त राहिलं तर वैमानिकांना ऑक्सिजन लागतो. १३,०००च्या वर तर सगळ्यांनाच लागतो. तेव्हा ९,०००. शिवाय गोठणबिंदूची पातळी कुठे आहे ते इथेच बघा. शून्य ते उणे २० अंशांच्या ढगात बर्फ धरतो. एका इंजिनाच्या विमानाला त्यातून वर निघून जायची ताकद असेलच असं धरू नका. वादळी ढगांना वळसा घालायचा झाला तर २० मैलांचा घाला आणि ते अंतर मार्गात आधीच धरा.

इंजिन एकच आहे, म्हणून आणखी एक काम. नकाशावर मार्गाच्या दोन्ही बाजूंना, इंजिन बंद पडल्यास तरंगत गाठता येईल असा पट्टा आखा. त्या पट्ट्यात कुठे उतरता येईल? जिथे उत्तर नाही, तिथे मार्ग थोडा वाकवा. आठ-दहा मैल जास्त पडले तर पडू द्या.

वारा

उंचीवरचा वारा समजा १०० अंशांकडून २३ नॉट्स आहे. आपली दिशा ०७०, म्हणजे वारा उजवीकडून ३० अंशांच्या कोनात. ३० अंशांना आडवा भाग निम्मा: साडेअकरा नॉट्स. समोरचा भाग सुमारे २०. (४५ अंशांना आडवा भाग ०.७ आणि ६० अंशांना ०.९ एवढं पाठ करा, टॅक्सी करतानाही, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाही, उपयोगी पडतं.) विमानाचं नाक किती वळवायचं? आडवा वारा गुणिले ६० भागिले वेग: साडेअकरा गुणिले ६०, भागिले १७०, म्हणजे ४ अंश उजवीकडे. हेडिंग (नाकाची दिशा) ०७४ खरं, ०७६ चुंबकीय. जमिनीवरचा वेग १७० वजा २०, म्हणजे १५०.

२४० मैलांना १५०च्या वेगाने १ तास ३६ मिनिटं. येताना हाच वारा मदतीला असेल, म्हणून एकूण हिशोब फिटेल असं वाटतं. तो फिटत नाही. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, पाठीच्या वाऱ्यात कमी. वारा नसेल तर जाऊन-येऊन २ तास ४९ मिनिटं, या वाऱ्यात २ तास ५२. इथे फरक तीन मिनिटांचाच आहे, पण वारा वाढला की तो झपाट्याने वाढतो.

इंधन

इंधनाचे कप्पे वेगवेगळे मांडा, एकच गोळाबेरीज आकडा कधीही लिहू नका. आपल्या उदाहरणात:

टॅक्सीला १५ किलो.
प्रवासाला २९० किलो: १.६ तास गुणिले १७० म्हणजे २७२, आणि चढताना लागणारे जादा १८.
अनपेक्षितासाठी प्रवासाच्या ५ टक्के, म्हणजे १५ किलो. हे पाच मिनिटं घिरट्या घालण्याच्या इंधनापेक्षा कमी असता कामा नये.
पर्यायी विमानतळाला, उतरण्याचा फसलेला प्रयत्न आणि पुन्हा चढणं धरून, ७५ किलो.
अंतिम राखीव ७५ किलो: १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या. पिस्टन इंजिनाला हीच मर्यादा ४५ मिनिटांची असते.

एकूण ४७० किलो. कप्प्यांची ही मांडणी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची आहे. तुमच्या देशाचे आणि कंपनीचे नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा ते लागू करा.

अंतिम राखीवाबद्दल मनात जराही गोंधळ नको. ते वापरायचं इंधन नाही. उतरताना टाकीत त्याहून कमी राहणार असं गणित दिसू लागलं, की वैमानिकाने ‘मेडे फ्युएल’, म्हणजे इंधनाची आणीबाणी, जाहीर करायचं असतं. त्यामुळे आखणीत ‘थोडं राखीवातून घेऊ’ असा विचार डोक्यात आला, तर पेन खाली ठेवा आणि मधे इंधन भरायला थांबा घेता येतो का ते बघा.

आता एकक. मी शिकाऊ असताना टाकीत १०० किलो होतं आणि आणखी ३७० किलो भरायचं होतं. इंधनाची गाडी आली, माणसाने विचारलं, “किती टाकू?” मी म्हटलं, “तीनशे सत्तर.” त्याने मान हलवली आणि नळी जोडली. त्याच्या मीटरवर लिटर मोजले जातात. जेट ए-१ एका लिटरला साधारण ०.८ किलो भरतं, म्हणजे ३७० लिटर झाले २९६ किलो. ७४ किलो कमी. वरच्या यादीत बघा, हे जवळजवळ अख्खं अंतिम राखीव आहे. कॅप्टनसाहेबांनी कॉकपिटमध्ये काटे वाचले, पावती मागून घेतली, लिटरला ०.८ने गुणलं, आधीचे १०० मिळवले आणि पावती माझ्या हातात परत दिली. काही बोलले नाहीत. ती गुणाकाराची ओळ मी तेव्हापासून प्रत्येक पावतीवर लिहिते: आधीचं, अधिक लिटर गुणिले घनता, बरोबर काट्यावरचं. तिन्ही जुळल्याशिवाय सही नाही. आणि तोंडी मागणी करताना आकड्याला एकक जोडूनच बोला: “तीनशे सत्तर किलो, म्हणजे चारशे त्रेसष्ट लिटर.”

हीच चूक मोठ्या विमानालाही सोडत नाही. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७चं इंधन ४१,००० फुटांवर संपलं. त्या काळात कॅनडात पौंडाकडून किलोकडे जाणं चालू होतं. लिटरचे किलो करताना ०.८ ऐवजी १.७७ने गुणलं गेलं, जो पौंडांचा आकडा होता. २२,३०० किलो हवं होतं, टाकीत होतं त्याच्या निम्म्याहून कमी. वैमानिकांनी विमान तरंगत गिम्लीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं आणि सगळे ६९ जण वाचले. तो हिशोब एकाहून जास्त लोकांनी, एकाहून जास्त वेळा तपासला होता. पण सगळ्यांनी तोच चुकीचा गुणक वापरला. तपासणी म्हणजे तेच गणित पुन्हा करणं नव्हे, वेगळ्या वाटेने त्याच उत्तराला येणं. काटा, पावती आणि मागच्या उड्डाणाची नोंद, या तीन वेगळ्या वाटा आहेत.

वजन, आणि ते कुठे ठेवलंय

आता चौकटीतल्या ३,५०० किलोकडे परत या. उतरताना टाकीत काय असेल? सगळं सुरळीत झालं तर अनपेक्षिताचे १५, पर्यायाचे ७५ आणि राखीव ७५, म्हणजे १६५ किलो. ३,५०० वजा १६५, म्हणजे इंधनाशिवाय विमान ३,३३५ किलोपर्यंत भरता येईल. त्यातून २,४५० वजा करा: प्रवासी आणि सामानाला ८८५ किलो.

नऊ प्रवासी सरासरी ८५ किलो म्हणजे ७६५, प्रत्येकी १२ किलो सामान म्हणजे १०८. एकूण ८७३. बसलं, पण १२ किलोच शिल्लक. कमाल उड्डाण वजनाकडून हिशोब केला असता, तर ३,९७० वजा २,४५० वजा ४५५ (टॅक्सीचे १५ सोडून उरलेलं इंधन) म्हणजे १,०६५ किलो जागा दिसली असती, आणि आनंदाने १८० किलो जादा भरलं गेलं असतं. शेवटून सुरुवात करा म्हणते ते यासाठी.

इथेच जादा इंधनाचाही प्रश्न येतो. ‘१०० किलो जास्त घेऊ, असू दे’ हे ऐकायला सुरक्षित वाटतं. या उड्डाणात ते १०० किलो उतरताना टाकीतच असतील, आणि ओल्या छोट्या धावपट्टीवर विमान मर्यादेपेक्षा ८८ किलो जड होईल. हवामान खरंच जादा इंधन मागत असेल तर घ्या, पण मग एक प्रवासी आणि त्याचं सामान खाली ठेवा. दोन्ही मिळणार नाही. हा निर्णय प्रवाशांना बोलावण्याआधी घ्यायचा असतो.

मी वर सरासरी ८५ किलो धरले, ते समजावण्यापुरते. छोट्या विमानात प्रवाशांना काट्यावर उभं करा. दोनशे प्रवाशांत जाड-बारीक एकमेकांना सांभाळून घेतात, नऊ जणांत घेत नाहीत. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथे एअर मिडवेस्टचं १९ आसनी बीच १९००डी उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि विमानातले सगळे २१ जण गेले. एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या) केबलची जुळणी चुकलेली होती, त्यामुळे नाक खाली दाबायला पुरेशी हालचाल मिळत नव्हती. त्यातच गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला होता. कागदावर मात्र विमान मर्यादेत होतं, कारण कागदावर सरासरी वजनं होती. त्यानंतर तिथल्या नियामकाला सरासरीचे आकडे तपासून वाढवावे लागले.

गुरुत्वमध्य काढणं अवघड नाही. प्रत्येक वस्तूचं वजन गुणिले ठरावीक बिंदूपासूनचं अंतर म्हणजे मोमेंट. सगळ्या मोमेंटची बेरीज भागिले एकूण वजन म्हणजे गुरुत्वमध्य. अंदाज येण्यासाठी: ३,५०० किलोच्या विमानात ९० किलोचा माणूस अडीच मीटर मागे बसवला, तर ९० गुणिले २.५ भागिले ३,५००, म्हणजे गुरुत्वमध्य साडेसहा सेंटिमीटर मागे सरकतो. विमान जसं जड होतं तशी मर्यादेची खिडकी अरुंद होत जाते, आणि तिथे साडेसहा सेंटिमीटर फार असतात. मध्य फार पुढे असेल तर नाक उचलायला जड जातं आणि स्टॉलचा (पंखांची उचल तुटण्याचा) वेग वाढतो. फार मागे असेल तर विमान स्थिर राहत नाही, आणि स्टॉलमधून बाहेर काढणं अशक्य होऊ शकतं. तीन वेळचा मध्य काढा: उड्डाणाचा, उतरण्याचा आणि टाकी रिकामी धरून. तिन्ही बिंदू आलेखाच्या आत हवेत.

मग निघायची धावपट्टी

निघायचा विमानतळ २,००० फुटांवर, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००३, तापमान ३५ अंश. दाब प्रमाण १०१३पेक्षा १० हेक्टोपास्कल कमी, प्रत्येकी ३० फूट धरले तर प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबानुसार धरायची उंची, २,३०० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान साधारण साडेदहा अंश, म्हणजे हवा सुमारे २५ अंश जास्त गरम. प्रत्येक अंशाला १२० फूट: ३,००० फूट. विमानाला वाटतंय की ते ५,३०० फुटांवरून उडतंय. पंखांना उचल कमी, इंजिनाला ताकद कमी, प्रॉपेलरला पकड कमी.

नेमकं अंतर मॅन्युअलच्या तक्त्यातूनच घ्या. पण मनात हे अंदाज असू द्या: वजन १० टक्के वाढलं तर उड्डाणाचं अंतर सुमारे २० टक्के वाढतं. तापमान १० अंश वाढलं तर १० टक्के. धावपट्टीला २ टक्के चढ असेल तर १० टक्के. कोरडं गवत असेल तर २० टक्के, ओलं असेल तर ३०. आणि हे एकमेकांत मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. अंतर पुरत नसेल तर पहाटे निघा. तेवढ्याने बऱ्याचदा काम होतं.

आधीच घ्यायचे निर्णय

वाटेत काही बिघडलं तर पुढे जायचं की मागे फिरायचं? हा बिंदू मध्यावर नसतो. अंतर गुणिले परतीचा वेग, भागिले दोन्ही वेगांची बेरीज: २४० गुणिले १९०, भागिले ३४०, म्हणजे १३४ मैल. मध्य १२०वर, पण समोरचा वारा असल्याने बिंदू पुढे सरकला. नकाशावर १३४वर आडवी रेघ मारा. तिच्या अलीकडे असाल तर मागे फिरणं लवकर, पलीकडे असाल तर पुढे जाणं.

खाली उतरायला कुठून लागायचं तेही काढून ठेवा. सोडायच्या दर हजार फुटांना तीन मैल: ९,०००वरून ३,०००वर यायला १८ मैल, आणि उतरायचा दर जमिनीवरच्या वेगाच्या पाचपट, म्हणजे मिनिटाला ७५० फूट. पण दाब न राखणाऱ्या केबिनमध्ये लहान मूल किंवा सर्दी झालेला माणूस असेल तर ५००नेच उतरा. मग १२ मिनिटं लागतात, म्हणजे ३० मैल आधी सुरुवात.

नोटॅम (विमानतळ आणि मार्गाबद्दलच्या ताज्या सूचना) मी शेवटी सांगते आहे म्हणून शेवटी वाचू नका, हिशोबाच्या आधी वाचा. धावपट्टीचे २०० मीटर बंद आहेत असं शेवटी कळलं तर वरची चौकट पुन्हा काढावी लागेल. चार्टची आवृत्तीही तपासा, ती दर २८ दिवसांनी बदलते.

फ्लाइट प्लॅनचा अर्ज हे सगळ्यात सोपं काम. वेळा सगळ्या यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत), तारीख बदलते का ते बघा. रकाना १३मधली वेळ विमान जागेवरून हलण्याची असते, उड्डाणाची नव्हे. रकाना १९मध्ये इंधन किती तास पुरेल ते लिहायचं: आपल्याकडे सुमारे २ तास ३५ मिनिटं. माणसांच्या आकड्यात वैमानिकही मोजा. निघायच्या किमान ६० मिनिटं आधी भरा. नियंत्रित उड्डाणाला ३० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर बदल कळवा. आणि जिथे टॉवर नाही तिथे उतरल्यावर प्लॅन बंद करायला विसरू नका, नाहीतर तुम्ही चहा घेत असताना शोधपथक तुमच्यासाठी बाहेर पडेल.

हवेत, आणि परत आल्यावर

नॅव्हिगेशन लॉगच्या (वाटेतल्या टप्प्यांच्या नोंदीच्या कागदाच्या) प्रत्येक टप्प्यापुढे चार रकाने ठेवा: ठरलेली वेळ, झालेली वेळ, ठरलेलं इंधन, उरलेलं इंधन. दर अर्ध्या तासाने भरा. जमिनीवरचा वेग १५० ऐवजी १३५ दिसला, तर राहिलेल्या प्रवासाचं इंधन त्याच क्षणी नव्याने काढा. आणि एक आकडा लॉगच्या वर लाल शाईने लिहून ठेवा: मुक्कामाच्या विमानतळावर पोहोचताना १५० किलोहून कमी दिसत असेल, तर तिथे घिरट्या न घालता सरळ पर्यायाकडे जायचं. ७५ पर्यायाचे, ७५ राखीव. हा आकडा जमिनीवर, शांत डोक्याने काढलेला आहे. ढगात, प्रवासी मागे बसलेले असताना तो नव्याने काढायचा प्रयत्न करू नका.

लॉग उड्डाण संपल्यावर फेकू नका. संध्याकाळी तो आखणीशेजारी ठेवा आणि फरक कुठे पडला ते बघा: चढायला १८ किलो धरले होते, लागले किती? वारा अंदाजाप्रमाणे होता का? टॅक्सीला खरंच १५ किलोच जळलं का? असे दहा लॉग जमले की तुमच्या विमानाचे, तुमच्या मार्गाचे खरे आकडे हातात येतात. अकराव्या आखणीत मॅन्युअलच्या आकड्याशेजारी तेही लिहा आणि दोन्हींत जो जास्त इंधन मागतो तो घ्या.